बाकड्यावरची मंडळी

दारावर कोणी टकटक केली, की आमची आई आतून 'नंबर प्लीज' म्हणायची. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने अर्धं आयुष्य काढलं होतं, त्यामुळे तोंडात तेच बसलं होतं. पाहुणे हसायचे. मग तीही हसायची आणि म्हणायची, "या, लाइन मोकळी आहे."

एक्स्चेंज म्हणजे बाजाराच्या टोकाला असलेली एक बैठी इमारत. आतल्या खोलीत भिंतीला लागून उंच लाकडी बोर्ड. त्यावर गावातल्या प्रत्येक फोनचं एक भोक आणि त्या भोकावर एक इवलीशी झडप. कोणी फोन उचलला की त्याची झडप टपकन पडायची. आई एक दोरी त्या भोकात खुपसायची, नंबर विचारायची, दुसरी दोरी हव्या त्या भोकात घालायची, की झाली दोन घरांची गाठ. तिचे हात इतके चपळ चालायचे, की लांबून बघणाऱ्याला ती काहीतरी विणतेय असं वाटावं. बाहेरच्या खोलीत काचेच्या दाराचा एक बूथ होता. परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा आणि तो लागेपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. कधी तासभर, कधी अख्खी दुपार.

मी तेव्हा कॉलेजात होते. तास संपले की आईचा डबा घेऊन जायचे आणि तिची पाळी सुटेपर्यंत तिथेच रेंगाळायचे. बाबा लवकर गेले. घरात आम्ही तिघंच, आई, मी आणि दादा. दादा नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत मुकादम होता. अंगाने दांडगा, स्वभावाने लोण्यासारखा. शीळ घालत घरी यायचा. कोपऱ्यावरून शीळ ऐकू आली की आई पानं घ्यायला लागायची.

मग सीमेपलीकडे लढाई पेटली आणि तिकडची माणसं नदी ओलांडून आमच्याकडे आली. वखारीच्या पलीकडे मोठं पडीक मैदान होतं, तिथे सरकारने पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या केल्या. आम्ही सगळे तिला छावणी म्हणायचो. ती माणसं आमच्यासारखंच बोलायची, फक्त शब्द जरा ओढून. सुरुवातीला गावाने हात सैल सोडला. घोंगड्या दिल्या, भांडी दिली, शाळेच्या दोन खोल्या उघडून दिल्या. पण पाहुणे आठवड्याचे असतात तेव्हा गोड लागतात. वर्ष उलटलं तशी लोकांच्या कपाळावर आठी दिसायला लागली.

ती आठी सगळ्यात आधी एक्स्चेंजमध्ये दिसली. छावणीतली माणसं रोज यायची. कुणाचा मुलगा मागे राहिलेला, कुणाची बहीण भलत्याच गावी पोचलेली. ती कॉल नोंदवायची आणि उभी राहायची. गावातल्यांना वाटायचं, आमचा फोन, आमचं गाव, आणि आम्हीच मागे उभं राहायचं? एकदा कापडवाल्या शेटजींनी छावणीतल्या एका म्हाताऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं. म्हाताऱ्याचा मुलगा धावून आला. आरडाओरडा ऐकून आई हेडफोन गळ्यात घालूनच बाहेर आली.

"इथे भांडलात तर दोघांच्याही लाइनी कापीन," ती म्हणाली. "मग बोला भिंतीशी."

शेटजी वरमले. आई आत गेली, पण तिला चैन पडेना. संध्याकाळी घरी आल्यावर ती दादाला म्हणाली, "उभं राहून माणूस चिडतो रे. बसला की निवतो. मला एक बाकडं करून दे. लांबलचक."

दादाने वखारीतल्या उरल्यासुरल्या फळ्या जोडून बाकडं केलं. ते इतकं लांब झालं की आत नेताना दाराची चौकट खरवडली गेली. त्या बाकड्यावर एका टोकाला गाव बसायचं आणि दुसऱ्या टोकाला छावणी. मध्ये एक रिकामी जागा असायची. कोणी ठरवलेलं नव्हतं, पण असायची.

बूथचं दार नीट लागत नसे. शिवाय लाइन खराब, म्हणून जो तो ओरडून बोलायचा. त्यामुळे बाकड्यावरच्या मंडळींना एकमेकांच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. शेटजींच्या बायकोला, म्हणजे शेटाणीबाईंना, लेकीच्या बाळंतपणाची काळजी होती. त्या रोज येऊन बसायच्या. छावणीतून एक मास्तरीणबाई यायच्या. तिकडे शाळेत शिकवायच्या, इथेही एका शेडमध्ये मुलांना शिकवत होत्या. उंच, सडसडीत, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांचे म्हातारे वडील घर सोडायला तयार झाले नव्हते. त्यांच्या गावातल्या एकाच फोनवर त्या कॉल लावत राहायच्या आणि तो कधीच लागायचा नाही.

एके दुपारी लागला. मास्तरीणबाई बूथमध्ये धावल्या. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. बराच वेळ त्या नुसतं 'हो', 'हो बाबा', 'नाही हो बाबा' म्हणत होत्या. मग वेळ संपली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"काय म्हणाले?" शेटाणीबाईंना राहवेना.

"शेळीबद्दल बोलत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सगळा वेळ. शेळी दूध देत नाही म्हणून तिला शिव्या देत होते. मी जिवंत आहे का, हेसुद्धा विचारलं नाही."

शेटाणीबाई मोठ्याने हसल्या. "आमचा म्हातारा अस्साच होता बाई! ये, बस इकडे." आणि त्या सरकल्या. मधली रिकामी जागा त्या दिवशी भरली.

पुढे त्या बायकांनी दर गुरुवारी दुपारी जमायचं ठरवलं. आईची त्या दिवशी सकाळपाळी असायची. नाव वगैरे कोणी ठेवलं नाही. 'बाकड्यावर जाते' असं म्हणायच्या, म्हणून ते बाकडं. गावातल्या सात-आठ, छावणीतल्या तेवढ्याच. त्यांचं मुख्य काम काय, तर अफवा सोलायच्या. बाजारात उठायचं, छावणीत साथ आलीय, मुलांना तिकडे पाठवू नका. छावणीत उठायचं, गावातले दुकानदार आपल्याला धान्य विकणार नाहीत. आईने एकच नियम घातला होता. ऐकलेलं आधी बाकड्यावर आणायचं, त्याची खातरजमा करायची, मगच दुसऱ्या कानात टाकायचं. साथ म्हणजे दोन मुलांना गोवर निघायचा. धान्य न विकणारा दुकानदार पाठीत उसण भरली म्हणून दुकान बंद करून झोपलेला असायचा. शेटाणीबाईंना या कामाची अशी काही गोडी लागली, की त्या दुकानातलं गिऱ्हाईक सोडून अफवेच्या मागे जायच्या.

मला ते गुरुवार अजून आठवतात. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, किटलीभर चहा फिरायचा आणि आतून झडपांची टपटप ऐकू यायची. त्या वेळी ते सगळं कायमच राहणार असं वाटायचं.

मग वखारीच्या मालकाने दादाला आणि त्याच्या सोबतच्यांना काढून टाकलं. छावणीतली माणसं निम्म्या मजुरीत राबायला तयार होती. त्यांचा तरी काय दोष? पण दादाला ते कोण समजावणार? तो दिवसभर घरात पडून राहायचा, नाहीतर कप्तानाच्या व्यायामशाळेत जायचा. हा कप्तान फौजेत कधीच नव्हता. शाळेत व्हॉलीबॉलच्या संघाचा कप्तान होता, तेवढ्यावर त्याने आयुष्य रेटलं होतं. पण बोलायला पक्का. त्याच्याभोवती बेकार पोरं जमायची. तो त्यांना सांगायचा, की गाव हातातून चाललंय, सरकार त्यांचं, पुढारी त्यांचे, तुमचं कोण आहे?

दादा घरी यायचा तो मुकाट्याने. हात धुवायचा, जेवायचा, आत जायचा.

एका गुरुवारी बाकीच्या बायका उठून गेल्यावर मास्तरीणबाई मागे रेंगाळल्या. त्यांचा एक धाकटा भाऊ होता. विशीतला, वायरींच्या कामात हुशार. छावणीतले बिघडलेले रेडिओ तोच दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला वायरमन म्हणायचे.

"ताई, एक विचारू?" त्या आईला म्हणाल्या. "माझा भाऊ हल्ली रेडिओच लावत नाही. पूर्वी गाण्याशिवाय त्याचा स्क्रू फिरायचा नाही."

आई किटली विसळत होती, ती थांबली. "आमचा शीळ घालत नाही."

"नवीन मित्र झालेत?"

"झालेत. पण घरात येत नाहीत. कोपऱ्यावर उभे राहतात."

"आमच्याकडेही कोपऱ्यावरच! नदीपलीकडून येतात. कॅसेटी ऐकवतात पोरांना. म्हणतात, इथे भीक मागत काय बसलात, परत चला, बंदुका आम्ही देतो." मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "परवा मला म्हणाला, तुम्हा बायकांना काय कळतंय."

"अगदी हेच," आई म्हणाली. "शब्दाला शब्द."

मास्तरीणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आई म्हणाली, "ती माणसं या पोरांना देतात तरी काय? नोकरी देत नाहीत, जेवायला घालत नाहीत. फक्त त्यांचं ऐकून घेतात. बाई, आपण यांना उपदेशच करत आलोय. ऐकलंय कधी?"

त्या संध्याकाळी आईने दादासमोर पाट ओढला आणि म्हणाली, "वखारीतून काढलं त्या दिवशी काय काय झालं, ते मला पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

दादा आधी गुरकावला. मग सांगायला लागला. मालकाने नजरसुद्धा वर न उचलता कसं सांगितलं, हातातली चावी कशी काढून घेतली, त्याच्या जागी आलेला माणूस त्याच्याकडे बघून कसा मान खाली घालून उभा राहिला. आईने खरंच मध्ये तोंड उघडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी बाई, ऐकणं तिला येत होतं, पण घरात तिने ते पहिल्यांदाच केलं.

नुसतं ऐकून भागणार नव्हतं, हेही तिला कळत होतं. छावणीत एक सार्वजनिक फोन बसवावा म्हणून तिने वर्षभर साहेबांच्या मागे भुणभुण लावली होती. साहेब म्हणजे एक्स्चेंजचे मुख्य. सरळ पण भित्रा माणूस. अखेर मंजुरी आली. खांब रोवायचे, तार ओढायची. आई साहेबांना म्हणाली, "निम्मी माणसं गावातली घ्या, निम्मी छावणीतली. मजुरी सगळ्यांना सारखी." साहेबांनी कटकट नको म्हणून मान डोलावली.

असे दादा आणि वायरमन एका टोळीत आले. दादा खड्डे खणायचा, वायरमन खांबावर चढायचा. पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकदा मी डबा घेऊन गेले तर दोघं तावातावाने भांडत होते. खांब वाकडा आहे, असं वरचा म्हणत होता. तुझीच मान वाकडी आहे, असं खालचा म्हणत होता. मी घरी येऊन आईला सांगितलं, "त्यांचं जुळलं."

पण माणसाच्या मनाचं असं असतं, की दिवसा एक आणि संध्याकाळी एक. दिवसा दादा वायरमनच्या डब्यातलं खायचा आणि संध्याकाळी कप्तानाच्या व्यायामशाळेत जाऊन छावणीला शिव्या घालायचा. त्यात काही विचित्र आहे, असं त्याला वाटत नसे.

आणि अशात वखारीला आग लागली. सगळी वखार जळून कोळसा झाली. करवतीच्या इंजिनाच्या ठिणगीने लागली हे पुढे चौकशीत निघालं, पण त्या सकाळी धूर निवायच्या आत गावभर एकच बोलणं होतं, की छावणीने लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेलाच्या दुकानाची झडप पडली. आईने नंबर विचारला, कप्तानाचा आवाज तिने ओळखला. शेजारच्या गावचा नंबर होता. लाइन खरंच लागली की नाही हे बघायला ऑपरेटरला क्षणभर कान लावावा लागतो. ऐकलेलं तिथेच सोडायचं, हा त्या नोकरीचा पहिला नियम. आईने तो कधी मोडला नव्हता. गावातल्या अर्ध्या भानगडी तिला ठाऊक होत्या आणि आम्हाला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं.

त्या दुपारी तिने ऐकलं, "बुधवारी, बाजार उठल्यावर. डबे भरून ठेवा. पहिल्या रांगेपासून पेटवायचं. मुकादमाला पुढे ठेवू, त्याला तिथली वाट माहीत आहे."

मुकादम म्हणजे दादा.

आईने हेडफोन उतरवला आणि साहेबांच्या खोलीत गेली. मी दारातच उभी होते. ती म्हणाली, "साहेब, आज मी लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलणार आहे. माझ्यावर जी कारवाई करायची ती गुरुवारी करा. बुधवारपर्यंत मला वेळ नाही."

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "पोलिसांत सांगा, लगेच सांगा." आई पोलिसांत गेली. फौजदार म्हणाला, "बघतो." त्या 'बघतो'चा अर्थ आईला कळला. ती तिथून थेट शेटाणीबाईंकडे गेली आणि मास्तरीणबाईंना निरोप धाडला.

मंगळवारी जेवताना ती दादाला म्हणाली, "उद्या दुपारी मी छावणीत असेन. तुझं जेवण झाकून ठेवते."

दादाचा घास हातातच राहिला. "छावणीत कशाला?"

"डाळ निवडायची आहे."

"ती घरी निवडता येत नाही?"

"तिथे उजेड चांगला असतो," आई म्हणाली आणि ताक वाढायला लागली.

तो आत गेल्यावर मी तिच्यावर तडकले. "तू सरळ का सांगत नाहीस त्याला? जाऊ नकोस म्हणून?"

"सांगितलं तर तो माझ्यासाठी थांबेल," ती म्हणाली. "आणि पुढच्या बुधवारी जाईल. त्याचं त्याला दिसू दे."

मला ते पटलं नाही. अजूनही वाटतं, की तिने फार मोठा जुगार खेळला. पण ती बोलत होती शांतपणे आणि धुतलेली ताटं पुन्हा धूत होती, एवढं मी पाहिलं.

बुधवारी बाजार उठायच्या सुमारास गावातल्या बायका छावणीकडे निघाल्या. बाकड्यावरच्या सात-आठ जणी येतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी जावा आणल्या, सुना आणल्या, नणंदा आणल्या. कोणी सुपं घेतली होती, कोणी विणकाम, कोणी उसवलेले कपडे. शेटाणीबाईंनी कप्तानाच्या आत्याला हाताला धरून आणलं होतं. ही आत्या ठार बहिरी. कुठे चाललोय हे तिला नीट कळलं नव्हतं, पण चार बायका जमणार म्हटल्यावर ती खूश होती.

पत्र्याच्या पहिल्या रांगेसमोर आम्ही सतरंज्या अंथरल्या. मास्तरीणबाईही छावणीतल्या बायका घेऊन आल्या. मला नवल वाटलं ते एवढ्याचंच, की निम्म्या बायका गावाकडे तोंड करून बसल्या आणि निम्म्या पाठीला पाठ लावून आत, शेडच्या दिशेने. मी वळून पाहिलं तेव्हा कळलं. शेडच्या मागे छावणीतली पोरं सळया घेऊन उभी होती. त्यांना कोणीतरी आधीच चिथवून ठेवलं होतं. त्यात वायरमनही होता.

ते बसल्या बसल्या वाट बघणं मला जन्मात विसरता येणार नाही. पाचावर धारण बसली होती सगळ्यांची, आणि तोंडाने बायका बोलत होत्या ते डाळीतल्या खड्यांबद्दल.

ते आले. चाळीसेक तरी असतील. पुढे दादा आणि कप्तान, कप्तानाच्या हातात रॉकेलचा डबा. वळणावर आल्यावर त्यांना आम्ही दिसलो. पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले. एकेकाचे डोळे रांगेवरून फिरायला लागले आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी सापडलं. आई, मावशी, वहिनी.

"उठा इथून!" कप्तान ओरडला. "हे बायकांचं काम नाही!"

कोणी उठलं नाही. त्याच्या आत्याने भुवया वर करून पाहिलं, पुतण्याला ओळखलं आणि तिचा चेहरा फुलला. बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "अरे, रॉकेल आणलंस का? बरं केलंस बाबा! केव्हापासून चहाची वाट बघतेय, यांचे स्टोव्ह कोरडे पडलेत!"

आधी शेटाणीबाईंना हसू फुटलं. मग दोन्ही बाजूंच्या बायका हसायला लागल्या. भीतीतून सुटलेलं हसू, ते आवरेना. पोरांमधलाही एक जण फिसकन हसला. कप्तानाचा चेहरा लालबुंद झाला.

आईने दादाकडे पाहिलं. "आलास?" ती म्हणाली. "ऊन फार आहे रे."

एवढंच. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कप्तानाच्या हातातला डबा काढून घेतला. हिसकावला नाही, ओझं घ्यावं तसा घेतला. सतरंज्यांच्या मधल्या वाटेने तो चालत गेला, सळया घेतलेल्या पोरांपर्यंत, आणि वायरमनसमोर उभा राहिला.

"स्टोव्ह कुठे आहे?" त्याने विचारलं.

वायरमनच्या मुठी सळईवर आवळलेल्या होत्या. त्याने दादाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पाठमोऱ्या आणि सामोऱ्या बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग सळई पत्र्याला टेकवून ठेवली.

"मागे आहे," तो म्हणाला. "पण त्याचा पंप बिघडलाय."

"तू कशाला आहेस मग?" दादा म्हणाला.

कप्तान आणि त्याचे काही जण निघून गेले. जाता जाता कोणीतरी दगड भिरकावला, तो शेटाणीबाईंच्या खांद्याला लागला. तो वळ त्या पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायच्या. बाकीची पोरं तिथेच रेंगाळली, अवघडून उभी राहिली, मग चहाला बसली. फौजदार आला तेव्हा कपबश्या विसळणं चालू होतं.

गुरुवारी साहेबांनी कारवाई केली. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागणार होतं. आईला बोर्डावरून काढून मागच्या खोलीत बिलांच्या कामावर बसवलं, ते शेवटपर्यंत. तिने तक्रार केली नाही, पण झडप पडल्याचा आवाज आला की ती मान वर करायची.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. काही महिन्यांनी बातमी आली, की मास्तरीणबाईंच्या वडिलांचं घर पाडलं, आणि म्हातारा त्यातच गेला. त्याच आठवड्यात वायरमन कोणाला न सांगता नदी ओलांडून गेला. बंदुकवाल्यांकडे गेला, हे सगळ्यांना समजलं. मास्तरीणबाई शाळेत शिकवत राहिल्या, फक्त पाढे म्हणताना मधेच थांबायच्या.

आईच्या जागी आलेली ऑपरेटर तिनेच शिकवलेली होती. त्या मुलीने लाइन मोकळी असेल तेव्हा पलीकडच्या एक्स्चेंजांना विचारायला सुरुवात केली. ऑपरेटर ऑपरेटरला ओळखतात, चेहऱ्याने नाही, आवाजाने. लढाई चालू होती तरी तिकडच्या बायका बोर्डावर बसून होत्या. एकीने दुसरीला विचारलं, दुसरीने तिसरीला. दीड वर्ष हे चाललं. मग एका लहानशा गावाच्या एक्स्चेंजमधून निरोप आला, की असा असा एक जण इथल्या दवाखान्यात आहे, पळून आलाय, पण घरी जायला घाबरतो. घरचे घेतील की नाही म्हणून.

मास्तरीणबाईंनी बूथमध्ये जाऊन फोन घेतला, पण त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. तेव्हा दादाने त्यांच्या हातातून तो घेतला.

"अरे, तो शेवटचा खांब खरंच वाकडा होता," तो ओरडून म्हणाला. "सरळ करायला माणूस नाही. येतोस का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही. दादा सीमेच्या नाक्यावर जाऊन त्याला घेऊन आला. नाक्यावरच्या अधिकाऱ्यांपुढे, याची जबाबदारी माझी, असं सांगून आला. वायरमन अर्धा उरला होता. एका हाताची बोटं नीट वळत नव्हती. कित्येक आठवडे तो कोणाशी बोलला नाही आणि बाकड्यावरच्या कोणी त्याला काही विचारलंही नाही. दादा कामावरून येताना त्याच्याकडे जायचा, शेजारी बसायचा आणि वखारीतल्या जुन्या गोष्टी सांगायचा. ऐकणारा ऐकतोय की नाही, याची त्याने पर्वा केली नाही. एके संध्याकाळी वायरमनने त्याला मध्येच अडवून म्हटलं, "ही गोष्ट तू काल सांगितलीस." दादा घरी आला तो शीळ घालत.

पुढे तह झाला आणि छावणी उठली. ट्रकांवर पत्रे चढले, पेट्या चढल्या, माणसं चढली. आई आणि मास्तरीणबाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या भांडत होत्या. मास्तरीणबाई आईची चाळण परत देत होत्या आणि आई ती घेत नव्हती. शेवटी ट्रक सुरू झाला, तेव्हा चाळण कोणाकडे राहिली ते मी पाहिलं नाही. मैदान इतकं मोठं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आई सत्तरीला आली तेव्हा म्हणाली, "मला एकदा नदीपलीकडे ने." दादा आणि मी तिला घेऊन गेलो. मास्तरीणबाईंनी वडिलांच्याच जागेवर नवीन घर बांधलं होतं. अंगणात शेळ्या होत्या. वायरमनला दोन मुली होत्या, त्या दादाच्या अंगाखांद्यावर खेळायला लागल्या. दोघी म्हाताऱ्या सकाळपासून बोलत होत्या. शेटाणीबाई कशा गेल्या, कोणाचं लग्न झालं, कोणाचे दात पडले. जेवणं झाल्यावर अंगणातल्या उन्हात खुर्च्या टाकून बसल्या आणि बोलता बोलता दोघींचाही डोळा लागला. आईची मान स्वतःच्याच खांद्यावर कलली होती आणि मास्तरीणबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

हळूहळू ऊन सरकलं, सावली त्यांच्या पायांवर आली. आम्हाला परतीची वाट लांब होती. मी उठवायला पुढे झाले, तर वायरमनने मला हातानेच थांबवलं. तो आणि दादा पुढे झाले, एकेक खुर्ची दोन्ही बाजूंनी अलगद उचलली आणि झोपलेल्या दोघींना, जाग येऊ न देता, पुन्हा उन्हात नेऊन ठेवलं.